शेजारच्या टेबलावरची उसनवारी

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

मी ३२ वर्षांची, कोल्हापूरची. गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. चार वर्षं चार महिने झाले. बेसिक १९,५००, हातात ३४ हजार येतात. घर जवळ आहे, साहेब समजूतदार आहेत. बाबांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून आठवड्यातून तीन दिवस मी त्यांच्या फिजिओथेरपीसाठी चार वाजता निघते, कुणी चकार शब्द काढत नाही.

माझ्याच विभागात, माझ्या शेजारच्या टेबलावर माझी जिवलग मैत्रीण बसते. दोन वर्षं आठ महिन्यांपूर्वी तिच्या भावाच्या गाळ्याच्या डिपॉझिटसाठी मी एफडी मोडून तिला १ लाख ६० हजार दिले. बँकेतून पाठवले, लिहून काही घेतलं नाही. सहा महिन्यांत देते म्हणाली होती. पहिल्या वर्षात २० हजार दिले, मग बंद. मी विषय काढला की 'देते गं, तुझे बुडवीन का मी?' म्हणते. गेल्या दसऱ्याला नवीन स्कूटर घेतली. ऑफिसातली पाच हजारांची भिशी मात्र दर महिन्याला न चुकता भरते. बाराजणींची आहे, तिचा नंबर दहावा, म्हणजे पुढच्या महिन्यात. आता म्हणते, पतसंस्थेतून कर्ज काढते आणि तुझे सगळे एकदम देते, फक्त तू जामीन राहा.

अशात चाकणच्या एका कंपनीची ऑफर आली आहे. वर्षाला साडेसात लाख. पत्रासोबत तक्ता पाठवते आहे. वीस तारखेपर्यंत कळवायचं आहे. आई म्हणते, एवढा पगार सोडू नको. मला मात्र हल्ली ऑफिसात जायचंच नको वाटतं. पुण्याला जाऊ का?

– नाव नको

उत्तर

नमस्कार,

प्रश्न तुम्ही पुण्याचा विचारला आहे, पण पत्रातली जास्त जागा मैत्रिणीने घेतली आहे. साहेब समजूतदार, घर जवळ, चार वाजता निघायला मिळतं आणि तरी ऑफिसात जायचं नको वाटतं. यावरून माझा अंदाज असा की पुण्याची ओढ तुम्हाला पगारापेक्षा शेजारच्या टेबलामुळे लागली आहे. अंदाज चुकत असेल तर सरळ खाली पगाराच्या हिशेबावर या. बरोबर असेल तर आधी उसनवारीचं बघू. येणं असलेल्या माणसाने गाव सोडायचं आणि देणं असलेल्याने खुर्चीत बसून राहायचं, हे मला पटत नाही.

सगळ्यात आधी जामीनकी. नाही म्हणा. विचार करून सांगते, घरी विचारते, असलं काही नको. सरळ नाही.

ती काय मागते आहे ते नीट बघा. पतसंस्था तिला कर्ज देणार, त्यातून ती तुमचे पैसे देणार आणि ते कर्ज तिने फेडलं नाही तर पतसंस्था तुमच्याकडे येणार. १८७२ च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच धरली आहे. संस्थेने आधी कर्जदाराच्या मागे लागावं आणि तिथून काही मिळालं नाही तरच जामीनदाराकडे यावं, अशी समजूत बऱ्याच जणांची असते, ती चुकीची आहे. पतसंस्थेची वसुली तर आणखी सोपी. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो, त्यासाठी वर्षानुवर्षं दिवाणी दावा चालवावा लागत नाही. दाखल्यावर नाव कर्जदाराचंही असतं आणि जामीनदारांचंही. पगारातून कपात करायचं संमतीपत्र कर्जाच्या कागदांतच सही करून घेतलेलं असतं. कोल्हापूर, सांगली भागात जामीनकीच्या हप्त्यात पगार गेलेली माणसं तुमच्याही माहितीत असतील. थोडक्यात, तुमचेच पैसे तुमच्याच जामीनकीवर परत मिळतील आणि वर व्याजाचा धोका तुमच्या डोक्यावर राहील.

ती तुम्हाला फसवायला निघाली आहे असं मी म्हणत नाही. बहुधा तिला हा खरंच चांगला मार्ग वाटत असेल. पण तिला काय वाटतं याने तुमच्या सहीचा अर्थ बदलत नाही.

आता भिशी. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ ही आहे आणि तुम्ही ती तक्रारीच्या सुरात लिहिली आहे. भिशीचे पाच हजार ती दर महिन्याला भरते, म्हणजे महिन्याला पाच हजार बाजूला काढायची तिची ऐपत आहे आणि सवयही आहे. मग तुमचे का देत नाही? भिशीला तारीख आहे, रक्कम ठरलेली आहे आणि चुकली तर अकराजणींना कळतं. तुमच्या पैशाला यातलं काहीच नाही. 'सहा महिन्यांत' ही तारीख एकदा टळली, त्यानंतर दुसरी कधी ठरलीच नाही. तिने २० हजार दिले तेव्हाच 'पुढचे कधी?' हे विचारायला हवं होतं, आता विचारा.

स्कूटर मात्र डोक्यातून काढा. हप्त्यावर घेतली असेल, नवऱ्याने घेतली असेल, बोनस आला असेल. तिच्याशी बोलताना स्कूटरचा उल्लेख झाला की बोलणं पैशांवरून तिच्या राहणीमानावर जातं आणि मग तिला रागवायला हक्काचं कारण मिळतं. ते तिला देऊ नका.

बोलायचं कुठे? ऑफिसात नाही, डबा खाताना नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. रविवारी सकाळी रंकाळ्यावर फिरायला बोलवा, फोनवरच सांगा की पैशांचं बोलायचं आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय आपल्याला या विषयात फार. तब्येत, मुलं, भाजीचे भाव सगळं होतं आणि निघताना पायात चप्पल घालता घालता 'अगं ते जरा बघ ना' होतं. समोरच्याला तेवढं ऐकून न ऐकल्यासारखं करणं सोपं जातं.

तुम्ही साधारण असं म्हणू शकता: 'मी जामीन राहणार नाही. तुझ्यावर अविश्वास आहे म्हणून नाही, मी कुणालाच जामीन राहत नाही. पण तुला कर्ज काढायची गरजही नाही. एक लाख चाळीस राहिलेत. पुढच्या महिन्यात तुझी भिशी लागते आहे, ते साठ हजार मला दे. ऐंशी राहतील. दोन महिन्यांनी भिशी संपेल, तेव्हा तेच पाच हजार दर महिन्याला पगाराच्या दुसऱ्या दिवशी माझ्या खात्यात यायची बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन दे. सोळा महिन्यांत मिटेल.'

बघा, यात तिच्यावर नवीन बोजा काही पडत नाही. जे पाच हजार ती आज भरते तेच पुढे वळवायचे आहेत. भिशीच्या साठ हजारांचा तिने आधीच काही बेत केला असेल, तर ती चाळीसवर येईल. चाळीस घ्या. हप्ता साडेचारवर आणेल, तोही घ्या. तारखेवर मात्र घासाघीस करू नका. व्याज मागू नका. एफडी मोडून तुमचं नुकसान झालं हे खरं, पण देताना व्याज ठरलं नव्हतं, आता ते काढलं की मूळ रकमेवरचं बोलणं भरकटतं.

भिशीची रक्कम रोख हातात पडते, म्हणून एक सांगते. २० हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीत घ्यायला आणि रोखीत फेडायला प्राप्तिकर कायद्यात मनाई आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो. तुम्ही बँकेतून पाठवलेत ते उत्तम केलंत. तिलाही सांगा, साठ हजार आधी आपल्या खात्यात भर आणि तिथून मला पाठव. अकाउंट्समध्ये बसणाऱ्या दोघींना हे मी सांगावं असं नाही, पण घरच्या व्यवहारात आपण ऑफिसातलं शहाणपण घरी नेतोच असं नाही.

आणि कागद. इथे घाई आहे, म्हणून हा परिच्छेद नीट वाचा. उसने दिलेल्या पैशांसाठी दावा लावायची मुदत १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे तीन वर्षं आहे. तुमची दोन वर्षं आठ महिने गेली. चार महिन्यांनी तिने 'देत नाही जा' म्हटलं, तर कायद्याने तुमच्या हातात फारसं काही राहत नाही. वकिलाची नोटीस पाठवल्याने मुदत थांबत नाही, हाही अनेकांचा गैरसमज आहे. मुदत संपायच्या आत तिने देणं मान्य असल्याचं लिहून सही केली, तर त्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने मोजली जातात. तिच्या 'देते गं'चे मेसेज जपून ठेवा, पुरावा म्हणून त्यांचा उपयोग आहे, पण सहीच्या कागदाची सर त्यांना नाही.

कागद अर्ध्या पानाचा पुरतो. अमुक तारखेला बँकेतून १,६०,००० घेतले, त्यांपैकी २०,००० दिले, १,४०,००० देणं आहे, ते असे असे देईन. खाली तारीख आणि सही. मजकूर ओळखीच्या वकिलाला एकदा दाखवून घ्या, स्टॅम्पचं काय ते तोच सांगेल. पुढच्या तारखेचा चेक घ्या असं तुम्हाला कुणीतरी नक्की सुचवेल. मी सुचवणार नाही. चेक वटला नाही तर तीस दिवसांत नोटीस, त्यावर पंधरा दिवसांची मुदत, मग फौजदारी तक्रार, असा तो रस्ता आहे. कागद फक्त देणं जिवंत ठेवतो, चेक मात्र तिच्या मानेवर ठेवलेला असतो. मैत्रीच्या व्यवहारात मी पहिला निवडेन.

'माझ्याकडून लिहून घेतेस?' हे येणार. डोळ्यांत पाणीही येईल. तेव्हा तुम्ही कागद पिशवीत परत घालाल, अशी मला भीती आहे. घालू नका. सांगा, 'आपण दोघी रोज इतरांची व्हाउचर तपासतो, माझ्या पैशांचं एक व्हाउचर असू दे.' सही केली तर मैत्री वाचायची शक्यता वाढते, कारण मग तुम्हाला रोज तिच्या चेहऱ्यावर पैसे शोधावे लागणार नाहीत. केली नाही तर तिचा इरादा तुम्हाला चार महिने शिल्लक असताना कळेल. मग दावा लावायचा की पाणी सोडायचं, हे ठरवायला वेळ मिळेल. पाणी सोडणं हाही निर्णय असू शकतो, पण तो मुदत उलटली म्हणून आपोआप झालेला नसावा.

आता पगार. तुमच्या आईला ६२,५०० आणि ३४,००० असे दोन आकडे दिसतात. साहजिक आहे, साडेसात लाख भागिले बारा कुणीही करेल. तुम्ही पाठवलेला तक्ता मी मांडून बघितला. साडेसात लाखांत ७५ हजार हे कामगिरीवर अवलंबून आहेत, तेही वर्षाच्या शेवटी. बेसिक ३१,२५०, त्यावर कंपनीचा पीएफ वर्षाला ४५ हजार, ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची, तरतूद साधारण १८ हजार, विम्याचा हप्ता सहा हजारांच्या आसपास. हे सगळं वजा केलं की महिन्याला साडेपन्नास हजार राहतात. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ३,७५० आणि व्यवसाय कर २०० जाणार. नव्या करपद्धतीत या पगारावर प्राप्तिकर लागत नाही, तेवढं बरं. हातात साधारण ४६,५००. पीएफचे पैसे तुमचेच आहेत, ते मी नाकारत नाही, पण त्यातून घरभाडं देता येत नाही.

म्हणजे फरक साडेबारा हजारांचा. कोल्हापुरात तुम्ही स्वतःच्या घरात राहता. चाकण-मोशीच्या बाजूला कॉट बेसिसवर राहिलात तरी जागा, मेस आणि रोजचं जाणंयेणं यांत हे साडेबारा हजार आरामात संपतात. वर कोल्हापूरच्या फेऱ्या. एसटीला बायकांना निम्मं तिकीट आहे, पण अंतर निम्मं होत नाही, अडीचशेच्या आसपास किलोमीटर ते तेवढंच. आणि बाबा? आठवड्यातून तीन दिवस चार वाजता त्यांना कोण नेणार? आई नेईल तर रिक्षा आली, माणूस ठेवला तर त्याचा पगार आला. आजचे साहेब तुम्हाला जे देतात ते पगाराच्या स्लिपवर छापलेलं नसतं, म्हणून फुकट वाटतं. पुण्यात तेच विकत घ्यायला गेलात की किंमत कळेल.

आणखी एक. ग्रॅच्युइटी पाच वर्षं भरल्यावर मिळते आणि तुम्हाला ती पूर्ण व्हायला आठ महिने आहेत. ग्रॅच्युइटीचं सूत्र तुम्हाला माहीत आहे, शेवटच्या पगाराला २६ ने भागून १५ ने गुणायचं आणि पुन्हा वर्षांनी. १९,५०० बेसिकवर वर्षाचे ११,२५०, पाच वर्षांचे ५६,२५०. आज राजीनामा दिलात तर ते सोडून जाता. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी चालतं, असा निकाल मद्रास उच्च न्यायालयाने दिलेला आहे, पण त्याच्या भरवशावर तारीख काढून कंपनीशी वाद घालत बसण्यात अर्थ नाही. आठ महिने थांबणं स्वस्त पडतं.

तेव्हा ही ऑफर नको, असं माझं मत. पण इथे मी तुमच्या बाजूने पूर्ण बोलत नाही. सोयीच्या नोकरीचं एक दुखणं असतं आणि ते तुमच्या पत्रात मला दिसलं. चार वर्षांत तिथे काय नवीन शिकलात, याबद्दल एक ओळ नाही. समजूतदार साहेब, जवळचं घर, ओळखीची माणसं, आणि तीच टॅलीतली एंट्री, तेच जीएसटीचं रिटर्न. बत्तिसाव्या वर्षी हे चालून जातं. चाळीसाव्या वर्षी कारखान्याचे मालक बदलले किंवा साहेब निवृत्त झाले, तर सोय एका दिवसात जाते आणि बाजारात दाखवायला हातात काही नसतं. बाबांसाठी मिळणारी सवलत नियमात बसवून लिहिलेली नाही, एका माणसाच्या चांगुलपणावर चालली आहे, हेही लक्षात असू द्या.

म्हणून साहेबांकडे जा. ऑफर लेटर टेबलावर आपटायला नव्हे. ज्याने तुमची अडचण न बोलता सांभाळली, त्याला धमकावणं वाईट दिसतं आणि 'जा मग' म्हणाला तर पंचाईत. बाहेरून विचारणा झाली, जायचं मनात नाही, पण पगार आणि काम दोन्ही वाढवून हवं, एवढं सांगा. पगारात चार-पाच हजार मागा. काम मागताना नेमकं मागा: कॉस्टिंग, बँकेचं स्टॉक स्टेटमेंट, ऑडिटच्या वेळी सीएच्या माणसांबरोबर बसणं. फौंड्री आणि मशीन शॉपच्या या पट्ट्यात कॉस्टिंग येणाऱ्या माणसाला शिरोलीत, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, कुठेही विचारणा होते. मग वर्षभराने नोकरी बदलायची झाली तर घर न सोडता बदलता येईल. साहेबांनी दोन्हींना नकार दिला, तर ग्रॅच्युइटीनंतर शोधायला लागा, तेव्हा मी तुम्हाला अडवणार नाही.

पीएफचंही सांगून ठेवते, कारण एफडी मोडणाऱ्या हाताचा भरवसा नसतो. नोकरी बदलली तर तो नव्या खात्यात वळवा, काढू नका. पाच वर्षांच्या आत काढलेल्या पीएफवर कर लागू शकतो. आणि तो हातात आला की तुमच्याकडे मागायला कुणीतरी येईलच. तुम्ही नाही म्हणाल याची मला अजून खात्री नाही.

राहता राहिलं शेजारचं टेबल. उठून दुसरीकडे बसायला मागू नका, ऑफिसात कुणाला काही सांगू नका, भिशीतल्या बायकांना तर मुळीच नाही. एकीला कळलं की हप्ते येणं बंद होईल, कारण मग तिच्या दृष्टीने अब्रू गेलेलीच असते. डबा एकत्र खायचा की नाही हे रंकाळ्यावरच्या रविवारनंतर ठरवा. एखाद महिना दोघींनाही अवघड जाईल.

चाकणच्या कंपनीला वीस तारखेची वाट न बघता कळवा. घरच्या कारणाने आत्ता शक्य नाही, पुढच्या वर्षी जागा निघाली तर विचार करायला आवडेल, एवढं पुरे. साहेबांशी बोलणं मात्र त्याआधी उरकून घ्या, म्हणजे ते खरोखर किती द्यायला तयार आहेत हे ऑफर हातात असतानाच कळेल.